१०० वॉटच्या रिगवर स्वच्छ एएम: कॅरियर किती ठेवायचा, माइक गेन किती?

रानडायपोल (सांगली)

नमस्कार मंडळी,

सौरचक्र २५ (सूर्यावरच्या डागांचं चक्र) जोरात आलं तेव्हापासून हौशी रेडिओच्या १० मीटर बँडवर माझा मुक्काम वाढलाय. २९.० ते २९.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अजूनही एएमवाले भेटतात, म्हणजे कॅरियर या स्थिर रेडिओलहरीची उंची आवाजाने कमी-जास्त करून बोलणारे. एसएसबी (कॅरियर गाळून एकच बाजू पाठवायची पद्धत) ऐकून ऐकून कान सरावलेले असतात, त्यात मध्येच असा भरदार, मोकळा आवाज आला की आपणही या मोडमध्ये बोलावं असं फार वाटतं. म्हणून एएम लावून दोन-तीन क्यूएसओ (रेडिओवरच्या गप्पा) केले. सगळीकडून रिपोर्ट एकच: सिग्नल दणदणीत, आवाज मात्र बारीक, आणि जोर देऊन बोललं की फाटतो.

रिग (रेडिओसंच) १०० वॉटची, एसडीआर प्रकारातली (बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारी). पॉवर निम्म्यावर, म्हणजे साधारण ५० वॉट कॅरियर. माइक गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) एसएसबीला ठेवतो तेवढाच, ७० टक्क्यांच्या आसपास. अँटेना हाफवेव्ह डायपोल (अर्ध्या तरंगलांबीची तार), एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलीय त्याचा आकडा) उत्तम. बाहेरच्या वॉटमीटरवर एक गोष्ट दिसते: मी बोलायला लागलो की सुई ५० वरून खाली येते, थांबलो की परत वर जाते.

एएमवर बराच वेळ काढलेले लोक इथे आहेत. नीट क्रमाने सांगाल का, कुठून सुरुवात करू?

साइडबँड (पुणे)

सुई खाली येते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, निदान त्यातच आहे. बोलताना सरासरी पॉवर दाखवणाऱ्या मीटरची सुई जागेवर राहायला हवी किंवा किंचित वर जायला हवी. खाली येत असेल तर वरची शिखरं कापली जाताहेत आणि रिग कॅरियरच दाबतेय. जुने लोक याला डाउनवर्ड मॉड्युलेशन म्हणतात.

आता हिशोब. मॉड्युलेशन म्हणजे आवाजाने कॅरियरची उंची किती बदलते ते. १०० टक्के मॉड्युलेशनच्या शिखरावर व्होल्टेज कॅरियरच्या दुप्पट होतं. व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. म्हणजे २५ वॉट कॅरियरला शिखरावर १०० वॉट लागतात, आणि तुमच्या रिगची मर्यादा तीच आहे. म्हणून तर आयकॉम ७३००, येसू एफटी-८९१, एफटी-९९१ए या सगळ्या १०० वॉटच्या रिगांच्या माहितीपत्रकात एएमसमोर २५ वॉट छापलेले असतात. ५ वॉटच्या एफटी-८१७ ला एएममध्ये दीडच वॉट दिलाय, त्यामागचं कारणही हेच.

तुम्ही कॅरियर ठेवला ५० वॉट. शिखराला जायला १०० च्या वर जागा नाही. व्होल्टेजच्या भाषेत १०० भागिले ५० चं वर्गमूळ १.४१, म्हणजे वरच्या बाजूला फक्त ४१ टक्के मॉड्युलेशन मिळणार. बुटक्या माळ्याखाली स्टुलावर उभं राहून उडी मारल्यासारखं आहे हे. ४० वॉटला ५८ टक्के, २५ ला बरोबर १०० आणि २० ला १२३ टक्के.

समोरच्याला ऐकू येतात ते साइडबँड, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना उमटणारे आवाजाचे पट्टे. कॅरियरमध्ये शब्द नसतात. सलग सूर घेऊन मोजलं, तर २५ वॉट कॅरियर पूर्ण मॉड्युलेट झाला की दोन्ही साइडबँड मिळून १२.५ वॉट होतात. ५० वॉट कॅरियर ४१ टक्क्यांनी मॉड्युलेट झाला तर साइडबँडमध्ये जेमतेम ४.३ वॉट. म्हणजे कॅरियर निम्मा केल्यावर तुमचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानात साडेचार डेसिबलहून जास्त वाढतो! आणि समोरच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) घट किती? ३ डेसिबल, अर्धा एस-युनिट. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तेव्हा पहिलं काम: डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, एएम मोड घ्या, माइक गेन शून्यावर आणा, पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि पॉवरचा नॉब फिरवून कॅरियर २० ते २५ वॉटवर बसवा. मी २० वर ठेवतो, कारण सांगेन पुढे. कॅरियर बसल्याशिवाय माइक गेनला हात लावू नका. बहुतेक जण उलट क्रमाने करतात आणि मग तासभर नुसते नॉब फिरवत बसतात.

नवीकॉल (कोल्हापूर)

परवाना नुकताच आलाय, व्हीयू३ (सुरुवातीच्या, मर्यादित श्रेणीचा). आधी ऐकतोय, मग बोलेन.

साइडबँड सर, एक शंका. पॉवर कमी केल्यावर आवाज वाढतो हे गणितात पटलं, पण समोरचा 'तुमचा सिग्नल ५ बाय ९' म्हणतो तेव्हा तो काय मोजत असतो? आणि एएलसी (पॉवर मर्यादेबाहेर गेली की आपोआप आवरणारी रिगमधली सोय) एएममध्ये नक्की काय करतं? एसएसबीसाठी मला शिकवलंय की एएलसीची पट्टी त्या आखलेल्या भागात हलली पाहिजे.

साइडबँड (पुणे)

एएममध्ये एस-मीटर मुख्यतः कॅरियर मोजतं. म्हणून न बोलताही मीटर ९ वर चिकटून राहतो. पहिला आकडा, म्हणजे ५, हा सुवाच्यतेचा. तो कानाने द्यायचा असतो. रानडायपोल यांना जे रिपोर्ट आले त्यात ९ खरा होता, ५ शिष्टाचारापोटी दिलेला असणार.

एएलसीबद्दल. एसएसबीत शांततेत काहीच बाहेर जात नाही, शब्द आला की पॉवर येते, एएलसी फक्त टोकं आवरतं. एएममध्ये कॅरियर कायम उभा असतो. मोठं शिखर आलं की एएलसी सगळ्या साखळीचा गेन खाली खेचतं, आणि त्या खेचण्यात कॅरियरही खाली येतो. मग ते सावकाश सुटतं, कॅरियर वर येतो, पुढचा शब्द येतो, परत खाली. ऐकणाऱ्याला आवाज हेलकावे खाणारा आणि दबलेला वाटतो. एसएसबीचा नियम इथे लावू नका. एएममध्ये बोलताना एएलसीची पट्टी जवळपास हलली नाही तर ते चांगलं लक्षण. फक्त अगदी मोठ्या उच्चाराला क्षणभर लुकलुकली तर चालेल.

काही रिगांमध्ये कॅरियरची पातळीच एएलसीच्या जोरावर धरलेली असते, त्यामुळे न बोलताही पट्टी थोडी दिसते. तिथे पट्टी बोलताना *आणखी* किती हलते ते बघा.

आणि स्पीच कॉम्प्रेसर (हळू आवाज वर उचलणारी सोय) बंद. आयकॉम ७३०० मध्ये तो मुळात एसएसबीपुरताच चालतो, पण ज्यांच्या रिगमध्ये एएमलाही लागतो त्यांनी आठवणीने बंद करा. खोलीतला पंखा आणि भिंतीवरून परत येणारा आवाज तो वर काढतो, आणि कॅरियरच्या शांत पार्श्वभूमीवर ते फार उघडं पडतं.

नीलतरंग (नाशिक)

साइडबँड यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त मीटरवर थांबू नका. एएमला स्कोपवर (लाटेचं चित्र दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) लाट डोळ्यांनी बघितल्याशिवाय समाधान नाही. साधा जुना २० मेगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग स्कोप असेल तरी पुरे.

स्कोपला रिग थेट जोडू नका. ५० ओहमवर २५ वॉट म्हणजे शिखर ते शिखर १०० व्होल्ट, आणि १०० टक्के मॉड्युलेशनला २०० व्होल्ट. प्रोबवर लिहिलेली व्होल्टेज मर्यादा कमी वारंवारतेची असते, काही मेगाहर्ट्झनंतर ती झपाट्याने घसरते. त्याऐवजी असं करा: डमी लोडच्या तोंडाशी टी-जोड घ्या. तिथून २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक, प्रत्येकी किमान एक वॉटचे, कार्बन फिल्म किंवा मेटल फिल्म. वायरवाउंड अजिबात नको, त्याची गुंडाळी आरएफला (रेडिओ वारंवारतेला) इंडक्टर होते. पुढे आवरण असलेली लहानशी केबल, म्हणजे कोअ‍ॅक्स, आणि स्कोपच्या तोंडाशी ५१ ओहम जमिनीला. सुमारे ८७ ला १ असा भाग पडतो, म्हणजे १०० व्होल्टचे साधारण १.१ व्होल्ट. सगळं एका पत्र्याच्या डबीत बसतं. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात सगळं मिळून जाईल.

चाचणी ७ मेगाहर्ट्झवर करा. २९ ला जुना स्कोप उंची कमी दाखवेल. गुणोत्तर तेच राहतं, पण चित्र मोठं असलं की डोळ्यांना सोपं जातं.

आता कॅरियर उभा करा आणि पडद्यावर वर-खाली मिळून ४ चौकोन उंची येईल असं बसवा. मोबाइलवर १ किलोहर्ट्झचा सूर वाजवणारं अ‍ॅप घ्या, माइकसमोर धरा आणि माइक गेन हळूहळू वाढवा. लाटेला फुगवटे आणि कंबर दिसायला लागतील. सर्वात रुंद जागा 'अ', सर्वात अरुंद 'ब'. अ वजा ब, भागिले अ अधिक ब, हे तुमचं मॉड्युलेशन. रुंद ६ चौकोन आणि अरुंद २ असेल तर ४ भागिले ८, म्हणजे ५० टक्के. रुंद ८ झालं आणि कंबर नुकती शून्याला टेकली की १००.

बघायच्या गोष्टी दोन. एक, फुगवट्याचं डोकं गोल आहे की सपाट? सपाट असेल तर वर जागा संपली: कॅरियर जास्त, किंवा पॉवर सप्लाय वाकतोय. दोन, कंबर शून्याला टेकून तिथेच आडवी रेघ होते का? ती रेघ दिसली की ओव्हरमॉड्युलेशन झालं, आणि तिथूनच शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर तडतड पसरते.

डिजिटल स्कोपवाल्यांनी पीक डिटेक्ट चालू करावं. मेमरी कमी असेल तर मिलिसेकंदाच्या टाइमबेसवर नमुने इतके विरळ पडतात की आरएफचं भलतंच चित्र दिसतं आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

रानडायपोल (सांगली)

ताई, सर, दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसंच केलं. टी-जोड आणि डबी बनवली, मित्राचा अ‍ॅनालॉग स्कोप आणला.

आधी मुद्दाम जुन्या सेटिंगवर बघितलं. ५० वॉट कॅरियर, माइक गेन ७०. फुगवट्यांची डोकी सुरीने कापल्यासारखी सपाट आणि खाली कंबरेला लांब रेघ. फाटलेला आवाज डोळ्यांसमोर दिसत होता.

मग गेन शून्य, कॅरियर २५, आणि गेन हळूहळू वर. सुराला कंबर शून्याच्या जवळ आली तेव्हा गेन ३० च्याही खाली होता! वॉटमीटरची सुई आता बोलताना जराशी वर जाते. एएलसी शांत.

पण सूर सोडून स्वतः बोललो की वेगळंच दिसतं. 'भाऊ', 'फार', 'घर' असे शब्द आले की कंबरेला क्षणभर रेघ उमटते, वरची बाजू मात्र अजून रिकामी असते. गेन आणखी उतरवला तर बाकीचं बोलणं हळू होतं. हे असं एका बाजूलाच का?

जुना_वाल्व्ह (न्यू जर्सी)

रानडायपोल, तुम्ही एएमच्या सर्वात रंजक जागेवर येऊन पोचलात.

माणसाचा आवाज वर-खाली सारखा नसतो. स्वरयंत्रातून हवेचे झटके येतात त्यांची एक बाजू टोकदार आणि उंच, दुसरी बसकी. सलग 'आ' म्हणा आणि स्कोपवर बघा, सहज दिसेल. टोकदार बाजू खाली गेली तर कॅरियर लवकर शून्याला टेकतो आणि वर जागा वाया जाते, तुमचं अगदी तेच झालंय. टोकदार बाजू वर वळवली तर खाली १०० टक्क्यांच्या आत राहून वर १२० टक्क्यांपर्यंत जाता येतं. साइडबँड सर कॅरियर २० वर का ठेवतात ते इथे कळतं: वरच्या त्या जादा शिखराला जागा हवी म्हणून.

बाजू कशी उलटायची? डायनॅमिक माइकच्या कॅप्सूलची दोन टोकं अदलाबदल करायची, शील्ड तशीच ठेवून. इलेक्ट्रेट माइकला असं करता येत नाही, त्याला ठरलेल्या दिशेने व्होल्टेज लागतं. तिथे लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. यूएसबीवरून संगणकातून आवाज देत असाल तर काम फारच सोपं, सॉफ्टवेअरमध्ये फेज उलटण्याची एक खूण असते. आयकॉम ७३०० मध्ये त्यासाठी 'डेटा ऑफ मॉड' ही सेटिंग माइकवरून यूएसबीवर आणावी लागते.

'भ', 'फ', 'घ' ची गोष्ट थोडी वेगळी. महाप्राणाचा वारा थेट कॅप्सूलवर आदळतो, त्याची वारंवारता फार खालची, आणि ती कानाला काही सांगत नाही, फक्त जागा खाते. माइक तोंडासमोरून काढून गालाच्या रेषेत, चार बोटं अंतरावर, किंचित तिरका धरा. वर फोमची टोपी. आपल्या भाषेत महाप्राण पावलोपावली येतात, त्यामुळे परदेशी माणसाने सांगितलेली माइकची जागा आपल्याला तशीच्या तशी चालत नाही. 'भाऊ फडके घाटात भिजले' असं काहीतरी म्हणत स्कोपकडे बघा. शेवटी 'सशाची शेपटी'ही म्हणा, म्हणजे ऊष्मवर्णांचा सरसराटही तपासला जाईल.

अवांतर: मी इथे ३.८८५ आणि ७.२९० मेगाहर्ट्झवर असतो, अमेरिकेतल्या एएमवाल्यांचे जुने अड्डे. भारतात ४० मीटर बँड ७.२०० ला संपतो, त्यामुळे ७.२९० तुम्ही फक्त ऐकू शकता. १४.२८६ मात्र दोन्हीकडे बँडमध्ये येतं. माझ्याकडे हीथकिट डीएक्स-१०० हा जुना वाल्व्हचा ट्रान्समीटर आहे, शेवटच्या टप्प्यात दोन ६१४६ वाल्व्ह आणि मॉड्युलेटरला दोन १६२५. तिथे प्लेट मॉड्युलेशन, म्हणजे शिखरासाठी लागणारी शक्ती ऑडिओ अँप्लिफायर वेगळी पुरवतो. आरएफ टप्प्याला जेवढी डीसी पॉवर जाते तिच्या निम्मी ऑडिओ पॉवर लागते. १०० वॉट इनपुटला ५० वॉट ऑडिओ! एवढ्या ट्रान्सफॉर्मरांचा हा संच उचलायचा म्हणजे दोन माणसं लागतात, पण तो आवाज ऐकला की कष्टाचं काही वाटत नाही.

नवीकॉल (कोल्हापूर)

वाचनखूण साठवली. आजोबा, तुमच्या डीएक्स-१०० चा फोटो टाका ना.

माझ्याकडे स्कोप नाही आणि इतक्यात घेणंही होणार नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आहे. त्यावर काय काय तपासता येईल?

कोकणलाट (रत्नागिरी)

डोंगलवर पुष्कळ काही कळतं, दादा. फक्त डोंगलला अँटेना लावू नकोस, रिग डमी लोडवर असू दे आणि डोंगल शेजारच्या खोलीत ठेव. गेन हाताने कमी कर, आपोआपवर सोडू नकोस. डोंगल ओव्हरलोड झालं की ते स्वतःच खोटा कचरा दाखवतं आणि दोष रिगचा वाटतो. ओळखायची युक्ती: डोंगलचा गेन १० डेसिबल उतरव. कचराही तेवढाच उतरला तर तो खरा, एकदम गायब झाला तर डोंगलचा.

वॉटरफॉलवर (वारंवारतांच्या सरकत्या चित्रावर) मधे कॅरियरची सरळ रेघ, दोन्ही बाजूंना साइडबँड. साधारण ३ किलोहर्ट्झ इकडे, ३ तिकडे, एकूण ६. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या हव्यात. जोरात बोललास की ६ च्या बाहेर ठिणग्या उडतात का ते बघ. मग मोड एसएसबी कर, फिल्टर अरुंद कर आणि कॅरियरपासून ८-१० किलोहर्ट्झ लांब जाऊन ऐक. तिथे तुझ्या शब्दांबरोबर तडतड येत असेल तर शेजारच्यांना त्रास होतोय.

आणखी एक सांगायचं होतं, सगळ्यांसाठी. दूरच्या माणसाने 'आवाज फाटतोय' म्हटलं की लगेच माइक गेनला हात घालू नका. आयनोस्फिअरवरून येताना कधी कधी नेमका कॅरियरच विरतो आणि साइडबँड टिकून राहतात. मग साध्या एएम रिसीव्हरला ते ओव्हरमॉड्युलेशनसारखंच ऐकू येतं, तुमचं प्रसारण कितीही स्वच्छ असो. याला सिलेक्टिव्ह फेडिंग म्हणतात. समोरच्याला सिंक्रोनस एएम (रिसीव्हर स्वतःचा कॅरियर घालतो तो मोड) लावायला सांगा, किंवा अर्धा मिनिट थांबून परत विचारा. फेडिंग असेल तर दोष येतो-जातो, रिगचा दोष असेल तर कायम राहतो.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या रिसीव्हरवर) स्वतःला ऐकायची सोय आहे, १० मीटर उघडा असेल तेव्हा मी ती वापरतो. पण त्यावरून सेटिंग बसवू नका. सेटिंग डमी लोडवर, पडताळणी हवेत.

नीलतरंग (नाशिक)

+१. आणि हवेत कॅरियर उभा करून नॉब फिरवत बसू नये, हे नवीन मंडळींनी लक्षात ठेवावं. चाचणीला गाणंही लावायचं नाही, हौशी परवान्यात संगीत प्रसारित करता येत नाही. सूर आणि बोलणं, तेही डमी लोडवर.

पॉवर सप्लायचा उल्लेख मी ओझरता केला होता, तो जरा खुलासेवार सांगते, कारण हे कारण फार जणांच्या नजरेतून सुटतं. २५ वॉट कॅरियरला सप्लाय निवांत असतो. शिखराला मात्र रिग १०० वॉटचा करंट मागते, २० अँपिअरच्या आसपास. वायर बारीक असेल, फ्यूजहोल्डर गंजलेला असेल किंवा सप्लाय कमी ताकदीचा असेल तर १३.८ व्होल्ट शिखरावर १२ पर्यंत येतात आणि फुगवट्याचं डोकं चपटं होतं. कॅरियर बरोबर, गेन बरोबर, तरी डोकं चपटं, असं दिसलं की रिगच्या मागच्या कनेक्टरवर व्होल्टमीटर लावा. सप्लायच्या तोंडाशी नव्हे. मीटर सावकाश असेल तर सलग सूर देऊन बघा.

साइडबँड (पुणे)

ताईंनी मोलाचं सांगितलं.

टोनबद्दल कुणी विचारलं नाही, पण गेन बसल्यावर पुढचा प्रश्न तोच येतो. एएमचा गोडवा खालच्या स्वरांत आहे असा समज आहे, आणि लोक ट्रान्समिट बेस पूर्ण वर नेतात. नको. खालचे स्वर सर्वात जास्त उंची घेतात आणि सर्वात कमी अर्थ देतात. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळलं तरी माणसाचा आवाज भरदार राहतो. ट्रेबल एक-दोन पायऱ्या वर, बेस मधोमध किंवा एक पायरी खाली, इथून सुरुवात करा. बायकांच्या आणि मुलांच्या आवाजाला बेस मधोमधच बरा.

आकाशवाणी पुण्याचं ७९२ किंवा सांगलीचं १२५१ किलोहर्ट्झ चांगल्या रिसीव्हरवर लावून बातम्या ऐका. निवेदकाचा आवाज सतत एका उंचीवर असतो, कुठे चढत नाही, कुठे बुडत नाही. त्यांच्याकडे लिमिटर वगैरे सामग्री असते हे खरं, पण निम्मं काम माइकपासूनचं अंतर आणि एकसारखा श्वास करतो. आपण हौशी लोक कॉलसाइन ओरडतो आणि पुढचं वाक्य पुटपुटतो. गेन कॉलसाइनला बसवला तर वाक्य ऐकू येत नाही, वाक्याला बसवला तर कॉलसाइन फाटतो. मी तर म्हणेन, एएममध्ये बोलण्याची शिस्त ही सुद्धा एक सेटिंगच आहे, आणि ती कुठल्याही मेनूत सापडत नाही.

रानडायपोल (सांगली)

ताजा अहवाल. डायनॅमिक माइकची टोकं उलटली. फरक लगेच दिसला: 'आ' म्हटल्यावर आता उंच टोकं वर येतात, कंबरेला थोडी हवा राहते. कॅरियर २० वॉट केला. माइक गालाच्या बाजूला घेतल्यावर 'भ' आणि 'फ' ची रेघ जवळपास गेली. बेस एक खाली, ट्रेबल दोन वर.

डमी लोडवर सगळं छान. पण डायपोलवर गेलो की शब्दांच्या शेवटी बारीक गुरगुर येते, असा मिरजेच्या मित्राचा रिपोर्ट आहे. तो ग्राउंड वेव्हवर (जमिनीलगत येणाऱ्या लहरीवर) ऐकतो, तेव्हा फेडिंग नाही. डमी लोडला गुरगुर नाही.

कोकणलाट (रत्नागिरी)

डमी लोडला नाही आणि अँटेनाला आहे, म्हणजे आरएफ शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) परत येतंय. कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या आवरणावरून येऊन माइकच्या वायरीत शिरतंय आणि तुमच्याच आवाजात मिसळतंय. एएममध्ये हे जास्त छळतं, कारण कॅरियर सतत चालू असतो, शिरायला कायम काहीतरी असतंच.

डायपोलच्या फीड पॉइंटला (केबल जोडते तिथे) चोक (आवरणावरचा आरएफ अडवणारी गुंडाळी) आहे का? नसेल तर ३१ मिक्सच्या (३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या) फेराइट रिंगमधून कोअ‍ॅक्सचे वेढे घ्या, एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झला) ते मिक्स चांगलं काम देतं. रिगच्या मागेही एक चोक चालेल. माइकच्या वायरीवर पकडीचं फेराइट, शक्य तर वायर त्यातून दोन-तीनदा फिरवून. यूएसबी वायर लावली असेल तर तिलाही. एकेक करत जा, म्हणजे नेमकं कुठून शिरत होतं ते कळेल. पटकन तपासायचं असेल तर पॉवर ५ वॉटवर आणा. गुरगुर गेली तर आरएफच आहे.

नवीकॉल (कोल्हापूर)

मला वाटलं होतं एएम हा सर्वात साधा मोड, शाळेच्या पुस्तकातला. इथे रोज काहीतरी नवीन कळतंय. शेवटचा प्रश्न: माझ्या मामांकडे ४०० वॉटचा लिनियर (रिगची पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) आहे. एएमला लावला तर कॅरियर किती?

जुना_वाल्व्ह (न्यू जर्सी)

चौपटीचा नियम तिथेही तोच. ४०० वॉट पीईपी (शिखरावरची पॉवर) असेल तर कॅरियर १०० च्या वर नाही, आणि मी तर ७५ च म्हणेन. परवान्यात किती मुभा आहे ते आधी बघायचं.

मात्र नुसतं गणित करून थांबू नका, उष्णता बघा. लिनियर टप्पा पूर्ण पॉवरला जेवढा कार्यक्षम असतो त्याच्या साधारण निम्मा कॅरियरच्या पातळीला असतो, कारण तिथे व्होल्टेज निम्मं असतं. म्हणजे १०० वॉट बाहेर जाताना २०० च्या वर वॉट आत उष्णता होऊन राहतात, आणि हे पीटीटी दाबून ठेवलंय तोवर सतत. एसएसबीला दोन शब्दांमध्ये श्वास मिळतो, एएमला मिळत नाही. एसएसबीसाठी बनवलेले पुष्कळ लिनियर एवढा वेळ तग धरत नाहीत. पंखा पूर्ण वेगाने, बोलणं दोन मिनिटांच्या आत, मग समोरच्याला द्यायचं. नुसत्या रिगनेही २५ वॉटवर लांब भाषण केलं की तापमानाची पट्टी चढते, ती नजरेत ठेवा.

लिनियर लावला की त्याच्या एएलसीची वायर रिगला जोडू नका, आपण इतका वेळ जे टाळलं ते सगळं त्या वायरीतून परत येतं. ड्राइव्ह हातानेच बसवा: लिनियर चालू, माइक गेन शून्य, रिगचा कॅरियर अगदी खालून वर नेत लिनियरच्या आउटपुटला ७५ वॉट. मग स्कोपची डबी लिनियरच्या पुढे नेऊन लाट परत बघा. पण डबीतले रेझिस्टर आधी बदला. ३०० वॉटच्या शिखराला व्होल्टेज १०० वॉटच्या पावणेदोन पट होतं, एक वॉटच्यांवर फार ताण येईल. तीन-तीन वॉटचे घ्या.

डीएक्स-१०० चा फोटो शनिवारी टाकतो.

रानडायपोल (सांगली)

फीड पॉइंटला चोक बसवला, ३१ मिक्सची रिंग, आरजी-५८ चे वेढे. गुरगुर पूर्ण गेली. माइकच्या फेराइटची गरजच पडली नाही. मिरजेच्या मित्राने एएम आणि मग एसएसबी करून दोन्ही साइडबँड वेगवेगळे ऐकले, दोन्ही सारखे म्हणाला.

सध्याची सेटिंग इतरांच्या उपयोगासाठी लिहून ठेवतो, अर्थात प्रत्येकाची रिग आणि आवाज वेगळा: कॅरियर २० वॉट, माइक गेन २८, कॉम्प्रेसर बंद, बेस -१, ट्रेबल +२, माइक चार बोटं लांब आणि तिरका. बोलताना एएलसी हलत नाही, वॉटमीटर किंचित वर.

रविवारी सकाळी १० ला २९.०५० वर असेन. १० मीटर बंद असेल तर ११ वाजता ४० मीटरवर ७.१५० च्या आसपास, मोकळी जागा बघून. एएम लावूनच या. ७३ (शुभेच्छा).